बावीस जोड्यांचा फेर

शनिवार, १४ ऑगस्ट १९७६. पहाटे दव गोठलं होतं. परसातला गोठलेला नळ साडेआठला सुटला. दोन स्पंज केक केले. एक बसला, तो घरी ठेवला. हॉलमध्ये अठरा जोड्या. पियानोची मधली एक पट्टी चिकटते, ऑब्रीला सांगितलं. लोण्याच्या कारखान्यातल्या नव्या फिटरची बायको आज पहिल्यांदा आली आणि बार्न डान्स चालू असताना मध्येच निघून गेली. का, ते कुणालाच कळलं नाही. लेनचा कोट धुवायला काढला.

माझ्या रोजनिशीत एवढंच लिहिलं आहे. फिटरच्या बायकोचं नाव तेव्हा मला नीट ठाऊकही नव्हतं. पुढे एकतीस वर्षं ती माझी शेजारीण होती. आता ती नाही, आणि तिच्याबद्दल काही लिहायचं तर सुरुवात या नोंदीपासूनच करावी लागते.

तिचं नाव नेलिदा बासान. अर्जेंटिनातल्या आवेजानेदा नावाच्या गावची. तिथे ती बुटांच्या कारखान्यात वरचं कातडं शिवायची. चौदाव्या वर्षी तिच्या आत्याने तिला स्वयंपाकघरात टँगो शिकवला. आत्या पुरुष व्हायची, ही बाई. पंधराव्या वर्षापासून दर शनिवारी ती क्लबात नाचायला जात होती. नवरा उगो नाचणाऱ्यांतला नव्हता. तो टेबलाशी बसून वाइन पीत आपल्या बायकोला नाचताना बघायचा आणि खूश असायचा. यंत्रं मात्र त्याला आवाजावरून कळायची. म्हणून कामाच्या शोधात तो आधी मेलबर्नला आणि तिथून आमच्या टारागुलला आला. मोठी मुलगी मिर्ता मेलबर्नलाच राहिली.

आमच्याकडे नाच महिन्यातून एकदाच, दुसऱ्या शनिवारी, पत्र्याच्या हॉलमध्ये. तेव्हा अठ्ठावीस वर्षं मी तिथे पियानो वाजवत होते. माझ्या उजव्या हाताला ऑब्री अकॉर्डियन घेऊन, मागे स्टॅन विक्स ढोल घेऊन. पियानोच्या स्टुलावरून सगळा हॉल दिसतो. बायका भिंतीलगतच्या बाकांवर, पुरुष दाराशी घोळका करून आपापल्या बुटांकडे बघत. नाच पुकारला की पुरुष सगळ्यांच्या देखत ती मोकळी जमीन ओलांडतो आणि हात पुढे करतो. बाई उठते. नाही म्हणायची पद्धत नाही. एखादीने म्हटलंच, तर तो नाच तिने बसूनच काढायचा.

त्या शनिवारी नेलिदाने कापडी पिशवीतून काळे नाचाचे बूट काढले, घातले आणि ताठ बसली. पहिल्या वॉल्ट्झला किराणा दुकानाचे आल्फ ट्रेंबाथ तिच्यासमोर गेले. तिने मान वळवली. दुसऱ्याला आणखी कुणी गेला, तिने पुन्हा मान वळवली. दाराशी कुजबुज झाली की बाई फार शिष्ट दिसते.

तिसऱ्या वेळी बार्न डान्स होता. क्लॅरी डूलन तिच्या बुटांकडे बघत होता. क्लॅरी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. चारशे मेंढ्यांचा मालक, आणि आमच्या हॉलमधला सगळ्यांत हलक्या पायांचा माणूस. बुटांवरून त्याची नजर वर तिच्या चेहऱ्याकडे गेली. तिने ती धरली आणि मान किंचित झुकवली. क्लॅरी गेला, ती उठली.

बार्न डान्स मोठ्या रिंगणात नाचतात. जोडीने चार पावलं पुढे, चार मागे, एक गिरकी, की पुरुष पुढच्या बाईकडे सरकतो आणि ही मागच्या पुरुषाच्या हातात जाते. असं बदलत बदलत पुढे जायचं. आम्हाला हे चालायला लागल्यापासून येतं. पहिल्याच वळणात नेलिदाचे डोळे मिटलेले मी पाहिले. गिरकी झाली. क्लॅरीने तिचा हात सोडला, वाकून नमस्कार केला आणि पुढच्या बाईला धरलं. आल्फ ट्रेंबाथ हात पसरून आले. नेलिदा जागच्या जागी उभी राहिली. मागच्या तीन जोड्या येऊन तिच्यावर आदळल्या. मग ती रिंगण कापत सरळ दाराबाहेर गेली, त्याच बुटांनी, गोठलेल्या खडीवरून. तिच्यामागे उगो, हातात हॉलचा चहाचा कप तसाच. तो कप त्याने सोमवारी धुऊन परत आणून दिला.

स्टॅन मागून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मी वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर क्लॅरी हॅट हातात घेऊन माझ्यापाशी आला. मी तिच्या पायावर पाय दिला का गं पेग, तू बघत होतीस, असं विचारायला लागला. दिला नाहीस म्हटलं तरी त्याचं समाधान होईना. दुपारी तो मेंढ्याची एक तंगडी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला आणि एकट्याला जायची लाज वाटते म्हणून मला बरोबर घेऊन गेला.

उगोने दार उघडलं. आत स्वयंपाकघरात नेलिदा खिडकीकडे तोंड करून बसली होती. मेलबर्नमध्ये आणि मग इथे लोणी पॅक करणाऱ्या बायकांत राहून तिला आमची भाषा बरीच आली होती, फक्त ती शब्द मोजून वापरायची. क्लॅरीने तंगडी टेबलावर ठेवली आणि चूक झाली असेल तर माफ कर म्हणाला.

नेलिदा वळली. "मी तेवीस वर्षं नाचले," ती म्हणाली. "गाणं अर्ध्यावर असताना कुणी मला जमिनीवर सोडून गेलं नाही. दारुडासुद्धा नाही."

तिच्या देशात गाणं चालू असताना बाईला सोडून जाणं म्हणजे सगळ्या गावासमोर तिला सांगणं, की तू माझ्या लायकीची नाहीस. हे तिने सांगितलं आणि मग ते आल्फ ट्रेंबाथांचंही कोडं सुटलं. तिच्या क्लबात पुरुष लांबून डोळ्यांनी विचारतो, बाई डोळ्यांनीच हो म्हणते. नको असेल तर मान वळवते, आणि कुणालाच काही कळत नाही, कुणाची फजिती होत नाही. न विचारता समोर येऊन हात पुढे करणारा तिला अडाणी वाटला होता. आणि आमच्या आल्फना वाटलं होतं, आपल्या अंगाला दुकानातल्या रॉकेलचा वास येत असावा.

क्लॅरी खुर्ची ओढून बसला. त्याने उगोकडून कप मागून घेतले आणि टेबलावर गोल मांडले. प्रत्येक कपाशेजारी एक चमचा. "हे कप म्हणजे बायका, हे चमचे म्हणजे आम्ही," म्हणाला आणि एकेक चमचा पुढच्या कपाकडे सरकवत गेला. कुणी कुणाला सोडत नाही, सगळं रिंगणच सरकतं. नेलिदा वाकून बघत होती. उगो हसायला लागला, तर तिने त्याला हाताने गप्प केलं.

"मग तुमचा चमचा माझ्या कपाशी परत कधी येतो?" तिने विचारलं.

"येतो ना," क्लॅरी म्हणाला. "फेर पुरा झाला की येतोच. तू थांबली असतीस तर आलो असतो."

माझा कप त्या रिंगणात गेला होता, म्हणून मला प्यायला काही नव्हतं, नाहीतर मी तोंड कपात घातलं असतं. अठ्ठावीस वर्षांत आमच्या हॉलमध्ये बार्न डान्सचा फेर एकदाही पुरा झाला नव्हता. आठ-नऊ बदल झाले की मी थांबवत असे, म्हाताऱ्यांना दम लागतो म्हणून. क्लॅरीला ते माहीत होतं. त्या दिवशीची नोंद अशी: "क्लॅरी तोंडावर खोटं बोलला. मी गप्प बसले. तंगडी चांगली दोन-अडीच किलोची होती."

परत निघताना उगो फाटकापर्यंत आला. मिर्ताकडे मेलबर्नमध्ये एक खोली रिकामी आहे आणि तिथे त्यांच्या लोकांचा क्लब आहे, शनिवारी नाच असतो, असं त्याने सांगितलं. नेलिदाने नाताळपर्यंतची मुदत दिली होती. इथे नाचायला जागा झाली नाही तर ती लेकीकडे जाणार. त्याने यावं किंवा राहावं, त्याची मर्जी. उगोला मात्र इथलं काम आवडलं होतं. हाताखाली चार माणसं, घरामागे लिंबाचं झाड. यापूर्वी दोनदा त्याने काम सोडलं होतं, तिसऱ्यांदा सोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"ती गेली तर मी काय करू, दोन्या पेग?" तो म्हणाला. "लोण्याशी बोलू?"

दोन्या म्हणजे बाईसाहेब म्हणावं तसं. नेलिदाही मला तेच म्हणायची. मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते, ती अडतीसची. तिच्याकडे तेवढ्या अंतरालाही मान असतो.

मी म्हटलं, बुधवारी तीन वाजता तिला माझ्याकडे पाठव.

तिने दर बुधवारी यायला सुरुवात केली. मी वाजवायची आणि माझा नवरा लेन तिचा जोडीदार व्हायचा, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. लेनसारखा नाचणारा शोधून सापडला नसता. तो पावलं मोठ्याने मोजायचा आणि चुकला की जमिनीला सॉरी म्हणायचा. नेलिदा दोन बुधवारांत सगळे नाच शिकली. आमच्या नाचांत शिकण्यासारखं फारसं नाहीच. कुठल्या ठेक्याला कुठला पाय, हे आधीच ठरलेलं असतं, सगळा हॉल एकाच वेळी एकीकडे वळतो. तिला ते पटत मात्र नव्हतं.

"ही कवायत आहे," ती म्हणायची. "आणि हे एवढं अंतर कशाला? आमच्या दोघांमधून पोस्टमन सायकल घेऊन जाईल."

लेन म्हणाला, पोस्टमन आला तर मी त्याच्या हाती तुला देतो आणि चहा प्यायला बसतो.

तिची खरी अडचण पायांची नव्हती, थांबण्याची होती. ठेका चालू असताना ती मध्येच थांबायची. लेन पुढे निघून गेलेला असायचा आणि ही मागे उभी, डोळे मिटून. एकदा मी वाजवायचं थांबवलं आणि म्हटलं, तू काय करतेस ते मला दाखव. तिने मला तिच्याकडची एक चाल गुणगुणून दाखवली, मी ती कशीबशी डाव्या हाताने धरली. तिने रिकाम्या हवेला धरलं, दोन ठेके तशीच उभी राहिली आणि मग एकच पाऊल टाकलं. मी आयुष्यभर नाच पाहिलेला. उभं राहून नाचणारं माणूस तोवर पाहिलं नव्हतं. आम्हाला पियानो शिकवणाऱ्या सिस्टर अ‍ॅलॉयशियस पट्टी हातात घेऊन, पेग न म्हणता माझं पूर्ण नाव घेऊन म्हणायच्या, मार्गारेट, विराम म्हणजे नाक खाजवायची वेळ नाही, तोही वाजवायचा असतो. मला नाचाच्या हॉलमध्ये त्याचा उपयोग कधी झाला नव्हता.

सप्टेंबरच्या नाचाला ती आली नाही. ऑक्टोबरच्या, नऊ तारखेच्या, आली. पुन्हा तेच काळे बूट, पुन्हा तोच ताठ कणा. मी तिला बजावलं होतं की कुणी हात पुढे केला तर उठायचं, मान वळवायची नाही. ती उठली. आल्फ ट्रेंबाथांबरोबर वॉल्ट्झ नाचली. नंतर ते पियानोपाशी येऊन सांगून गेले की बाई हातात आहे असं वाटतच नाही, फक्त ऊब लागते.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. मर्व्ह पॅस्को म्हणून आमच्याकडे एक पन्नाशीचा ब्रह्मचारी होता. वीस वर्षं तो दर नाचाला यायचा, दाराच्या चौकटीला टेकायचा, शेवटी खुर्च्या रचू लागायचा आणि घरी जायचा. ती मोकळी जमीन त्याला कधी ओलांडवली नाही. थ्री-स्टेप पुकारला तेव्हा नेलिदाने सवयीने हॉलभर नजर फिरवली आणि ती मर्व्हपाशी थांबली. मर्व्हने मागे वळून पाहिलं. मागे फक्त कोट टांगलेले होते. त्याने परत तिच्याकडे पाहिलं आणि काय करतो आहोत हे न कळून मान हलवली. ती उठून उभी राहिली आणि तिथेच वाट बघत राहिली. आता न जाणं जास्त अवघड होतं. मर्व्ह गेला. त्याला सगळे नाच येत होते. वीस वर्षं बघून बघून पाठच झाले होते.

स्टॅनची काठी ढोलावर पडायची राहिली. "आज मेंढ्या उडणार बघ," तो म्हणाला.

मग बार्न डान्स. नेलिदाने क्लॅरीबरोबर सुरुवात केली. या वेळी बदल आला तशी ती पुढच्याच्या हातात गेली, त्याच्या पुढच्याच्या हातात गेली. तोंड घट्ट मिटलेलं होतं, पण पाऊल एकही चुकलं नाही. वीस जोड्या होत्या. नऊ बदल झाल्यावर मी नेहमीप्रमाणे थांबवलं. टाळ्या पडल्या आणि सगळे चहाकडे गेले. क्लॅरी रिंगणाच्या पलीकडे होता, अकरा बायका लांब.

नेलिदा सँडविच हातात घेऊन पियानोपाशी आली.

"तो आला नाही," ती म्हणाली.

"संगीत थांबलं ना."

"थांबवतं कोण?"

"मी."

तिने सँडविचचा एक घास घेतला आणि उगोजवळ जाऊन बसली. त्यानंतर ती नाचली नाही. बुधवारी आली, पण शिकायला नाही. माझा निळा ड्रेस कमरेत सैल झाला होता तो घेऊन गेली आणि उसवून, शिवून आणून दिला. पैसे विचारले तर रागावली.

नोव्हेंबरमध्ये गवत कापणीमुळे नाच नसतो. महिन्याच्या शेवटी उगो लेनकडे आला आणि अठरा डिसेंबरला तुमची गाडी मिळेल का म्हणाला. नेलिदाचं शिवणयंत्र आणि दोन पेट्या मेलबर्नला पोचवायच्या होत्या. लेनने हो म्हटलं. तो गेल्यावर जेवताना लेन म्हणाला, "यंत्र गेलं म्हणजे गेलीच ती." आणि मग, ताट उचलता उचलता, "बुधवारी तीन वाजता मी काय करायचं आता?"

माझ्या मनात त्या टेबलावरचे कप आणि चमचे होते. क्लॅरीने शब्द दिला होता आणि तो खोटा पडला होता तो माझ्या हातांमुळे. क्लॅरीला जाब विचारण्यात अर्थ नव्हता. त्याने दुसऱ्याच्या जिवावर उदार होऊन सांगून टाकलं होतं, आणि तो दुसरा मी होते.

अकरा डिसेंबरला उकाडा एवढा होता की हॉलच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या काठ्या लावून उघड्या ठेवल्या होत्या. नेलिदा आली ती निरोप घ्यायला आल्यासारखी, सगळ्यांशी हात मिळवत. नाताळ जवळ आलेला, त्यामुळे गर्दी होती. बार्न डान्स पुकारला. क्लॅरीने लांबूनच तिच्याकडे पाहिलं. ऑगस्टपासून तो हे शिकला होता आणि आता त्याला ते फार सोयीचं वाटायला लागलं होतं. तिने मान झुकवली. रिंगण झालं. मी मोजलं, बावीस जोड्या.

मी मागे वळून स्टॅनला सांगितलं की मी थांबेपर्यंत थांबायचं नाही.

"किती आहेत?"

"बावीस."

"बावीस काय?"

"वाजव तू."

पहिले नऊ बदल नेहमीसारखे झाले. नवव्याला लोकांनी सवयीने टाळ्यांसाठी हात उचलले आणि मी पुढे वाजवत राहिले. दहाव्याला हशा पिकला. बाराव्याला ऑब्रीने माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. तेराव्याला नेलिदा मर्व्हच्या हातात होती. पंधराव्याला मिसेस ट्रेंबाथ मोठ्याने म्हणाल्या, "पेगला काय झालंय, कुणीतरी तिला पाणी द्या." कुणी रिंगण सोडलं नाही, कारण शेजारचा सोडत नव्हता. सतराव्याला स्टॅन मागून पुटपुटायला लागला की मनगट उतरलं तर गायींच्या धारा कोण काढणार, तू?

क्लॅरीचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता. मला भीती वाटली. एकाहत्तर वर्षांचा माणूस, दहा मिनिटं, तो उकाडा. मी वेग थोडा कमी केला. क्लॅरीने गिरकी घेता घेता पियानोकडे पाहिलं, मग रिंगणात पुढे पाहिलं आणि मला वाटतं त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की काय चाललं आहे. त्याने खांदे सरळ केले. नेलिदाला आधीच कळलं होतं. ती आता हातातल्या पुरुषाकडे बघत नव्हती. प्रत्येक वळणाला तिची मान क्लॅरीच्या टकलाच्या दिशेने वळत होती. तीन बायका लांब. दोन. मिसेस ट्रेंबाथ शेवटच्या होत्या. त्यांनी गिरकी पुरी केली आणि क्लॅरीला अक्षरशः ढकलून पुढे पाठवलं.

तो तिच्यासमोर आला, धापा टाकत. "आलो," म्हणाला.

नेलिदाने त्याचा हात धरला, डोळे मिटले आणि ठेका चालू असताना तशीच उभी राहिली, माझ्या दिवाणखान्यात राहायची तशी. मागून जोड्या येत होत्या. ऑगस्टमध्ये झालं तेच होणार होतं. मी दोन्ही हात पट्ट्यांवर तसेच दाबून धरले आणि पुढचं काही वाजवलं नाही. ऑब्रीने भाता तसाच ताणून धरला. स्टॅनची काठी वर राहिली. सगळं रिंगण थांबलं, बावीसच्या बावीस जोड्या, एक पाय पुढे टाकलेला. दिव्यावर पतंग आपटत होते तेवढे ऐकू आले. दोन ठेके. मग तिने एक पाऊल टाकलं, क्लॅरीने टाकलं, आणि मी पुढे वाजवायला लागले. ती एक गिरकी त्यांनी पुरी केली आणि मी थांबवलं.

क्लॅरी खाली बाकावर बसला आणि त्याला तीन ग्लास पाणी लागलं. स्टॅनने मनगट धरून सगळ्या हॉलला दाखवलं. नेलिदा उगोपाशी गेली. मी पियानोवरची पानं गोळा करत होते, उगोचं टेबल माझ्या डाव्या हाताला होतं.

"मिर्ताला लिही," ती त्याला म्हणाली. "म्हणावं, खोली दुसऱ्या कुणाला दे. आणि नाताळला तूच इकडे ये. बूट घेऊन ये."

उगोने कागद आहे का म्हणून खिसे चाचपले. मिळाला नाही, तेव्हा तो ऑब्रीकडे कागद मागायला आला, आणि त्याचे डोळे ओले होते ते त्याने उकाड्यावर ढकललं.

पुढची एकतीस वर्षं सांगण्यासारखी थोडी आणि चांगली आहेत. नेलिदाने गावातल्या तीन पिढ्यांचे लग्नाचे कपडे शिवले, म्हणजे आजीचे बेतून नातीचे. आमचे सगळे नाच ती नाचली आणि शेवटपर्यंत त्यांना कवायत म्हणत राहिली. हॉलमध्ये पुरुष हळूहळू बुटांऐवजी समोर बघायला लागले. मर्व्हने लग्न केलं नाही, पण चौकटीला पुन्हा टेकला नाही. क्लॅरी सात वर्षांनी गेला. त्या महिन्याच्या नाचाला बार्न डान्समध्ये नेलिदाने कुणाचाच हात धरून सुरुवात केली नाही, रिंगणाबाहेर उभी राहिली, आणि पहिला बदल झाल्यावर आत शिरली. लेन गेला तेव्हा बुधवारी तीन वाजता ती आली, केटली ठेवली आणि म्हणाली, आज मी मोजते. डिसेंबरचा बार्न डान्स मी नंतर दर वर्षी पुरा वाजवला. स्टॅनने त्यासाठी हाताला पट्टा बांधून घेतला होता.

पण मी त्या संध्याकाळी यातलं काही लिहिलं नाही. मी रोजनिशी काढून बघितली. नोंद अशी आहे:

शनिवार, ११ डिसेंबर १९७६. उकाडा, अडतीस डिग्री. हॉलमध्ये बावीस जोड्या. चिकटणारी पट्टी आज चिकटली नाही. अठरा तारखेला गाडी लागणार नाही, उगोने लेनला सांगितलं. केकचा मोठा डबा नेलिदाकडे राहिला आहे, बुधवारी घेऊन येईल.